गेम बॉय का जिंकला? हातातला खेळ, पडद्याची ताकद आणि 'कारण' शोधण्याची रीत

संशोधनाची तयारी करताना आपण पहिल्यांदा शिकतो ते रिसर्च क्वेश्चन कसा लिहायचा हे. दुसरी गोष्ट मात्र बऱ्याच उशिरा कळते, ती म्हणजे एखादं प्रसिद्ध, सगळ्यांना पटलेलं उत्तर तपासायचं कसं. आज त्यासाठी प्रयोगशाळेतलं उदाहरण घेत नाही. व्हिडिओ गेमच्या यंत्रांचा इतिहास घेऊया. विषय हलका वाटेल, पण यात आकडे आहेत, स्पर्धक आहेत, हरलेले आहेत आणि एक असं विधान आहे जे व्याख्यानांत आणि यूट्यूबवर सारखं ऐकू येतं.

ते विधान असं: "हातात मावणाऱ्या गेम यंत्रांच्या बाजारात कमी ताकदीचं, साधं, सोयीचं यंत्र जिंकतं आणि चकचकीत ग्राफिक्सवालं महागडं यंत्र हरतं." पुरावा म्हणून निन्टेंडोचा गेम बॉय दाखवतात. विधान ऐकायला छान आहे, त्यात गरीब बिचाऱ्याने बलाढ्याला हरवल्याची गोडी आहे. आता हेच विधान पीएचडीच्या सिनॉप्सिसमध्ये हायपोथेसिस म्हणून आलं तर आपण त्याला काय काय विचारू? तेच या लेखात करायचं आहे.

आधी शब्द ठरवूया

'ताकद' म्हणजे काय? प्रोसेसरचा वेग, मेमरी, पडद्यावरचे रंग, पिक्सेलची संख्या, पडद्यामागचा उजेड, यातलं नेमकं कोणतं? आणि 'सोय' म्हणजे काय? वजन, खिशात मावणं, बॅटरीचे तास, किंमत, पडलं तरी न फुटणं, की बटण दाबल्या दाबल्या खेळ सुरू होणं?

हे प्रश्न कीस पाडण्यासारखे वाटतात. पण व्हेरिएबल मोजता येईल अशा शब्दांत सांगितला नाही, तर कोणताही निकाल आपल्या म्हणण्याला जुळवून घेता येतो. यंत्र जिंकलं की म्हणायचं 'सोयीचं होतं', हरलं की म्हणायचं 'सोय कमी पडली'. असा युक्तिवाद कधी चुकतच नाही, म्हणून त्याचा उपयोगही नाही. तर आपण तात्पुरतं असं धरू: ताकद म्हणजे पडद्यावर किती आणि कसं दिसतं ते, आणि सोय म्हणजे बॅटरीचे तास. पुढे ही व्याख्या टिकते का तेही पाहू.

१९८९: एका बाजूला चार सेल, दुसऱ्या बाजूला सहा

गेम बॉयच्या मागे गुन्पेई योकोई हे नाव आहे. १९६५ मध्ये ते निन्टेंडोत लागले तेव्हा ती कंपनी पत्ते बनवत होती, आणि योकोई यांचं काम होतं पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल. १९८० मध्ये त्यांनी 'गेम अँड वॉच' ही छोटी खेळणी आणली. कॅल्क्युलेटरच्या धंद्यामुळे एलसीडीचे पडदे आणि चिप स्वस्त झाले होते, त्यांचाच वापर त्यात केला. त्यांचं एक तत्त्व प्रसिद्ध आहे. जपानीतून त्याचा शब्दशः अर्थ 'वाळलेल्या तंत्रज्ञानाचा आडवा विचार' असा काहीतरी होतो. मराठीत मला 'मुरलेलं तंत्रज्ञान' हा शब्द जास्त बरोबर वाटतो. म्हणजे असं तंत्रज्ञान, जे नवं राहिलेलं नाही, ज्याचे गुणदोष सगळ्यांना ठाऊक झालेत, जे स्वस्तात आणि भरपूर मिळतं. ते घ्यायचं आणि ज्या कामासाठी कुणी वापरलं नाही त्या कामाला लावायचं.

२१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये गेम बॉय आला. त्याच वर्षी अमेरिकेत अटारीचा लिंक्स आला. १९९० मध्ये जपानमध्ये आणि १९९१ मध्ये अमेरिकेत सेगाचा गेम गिअर आला. तिघांची तुलना अशी:

- गेम बॉय: १६० × १४४ पिक्सेल, हिरवट पडद्यावर चार छटा, उजेड नाही, ४ पेन्सिल सेल, सुमारे १५ तास. अमेरिकेत किंमत सुमारे ९० डॉलर.
- लिंक्स: १६० × १०२ पिक्सेल, रंगीत, मागून उजेड, ६ पेन्सिल सेल, चार-पाच तास. किंमत सुमारे १८० डॉलर.
- गेम गिअर: १६० × १४४ पिक्सेल, ४०९६ पैकी एका वेळी ३२ रंग, मागून उजेड, ६ पेन्सिल सेल, तीन ते पाच तास. किंमत सुमारे १५० डॉलर.

विक्रीत गेम बॉय आणि त्याचा पुढचा रंगीत अवतार गेम बॉय कलर मिळून ११ कोटी ८६ लाखांच्या वर गेले. गेम गिअर सुमारे १ कोटीवर थांबला. लिंक्स त्याच्याही बराच मागे राहिला. म्हणजे प्रसिद्ध विधान खरं ठरलं? थांबा, इथे एक हिशोब करूया.

वॅट कुठे गेले?

चांगल्या अल्कलाइन पेन्सिल सेलमधून सावकाश वीज घेतली तर ढोबळमानाने ३ वॅट-तास मिळतात. चार सेल म्हणजे १२ वॅट-तास. गेम बॉय सुमारे ०.७ वॅट खातो. १२ भागिले ०.७ म्हणजे सतरा तास. प्रत्यक्ष अनुभवाच्या जवळ आलो.

गेम गिअरला सहा सेल, पण हेच सेल जोरात पिळले तर कमी ऊर्जा देतात. म्हणून १८ ऐवजी १५ वॅट-तास धरू. तीन ते पाच तासांत ते संपतात, म्हणजे यंत्र ३ ते ५ वॅट खातंय. गेम बॉयच्या चौपट ते सातपट.

आता विचारा, ही जास्तीची वीज कोण खातं? पटकन उत्तर येतं, 'जास्त ताकदीचा प्रोसेसर'. पण गेम गिअरमध्ये झेड-८० जातीचा प्रोसेसर होता, वेग ३.५८ मेगाहर्ट्झ. गेम बॉयचा प्रोसेसर त्याच घराण्याचा, वेग ४.१९ मेगाहर्ट्झ! आकड्यापुरतं बघितलं तर 'कमी ताकदीच्या' गेम बॉयचंच घड्याळ जास्त जोरात चाललं होतं. वीज मुख्यतः खात होता तो पडद्यामागचा दिवा. गेम गिअरमध्ये एक बारीक फ्लुरोसंट नळी होती, घरातल्या ट्यूबलाइटची लहान बहीण समजा. त्या काळच्या रंगीत एलसीडीतून उजेड फार कमी आरपार जायचा, त्यामुळे मागे दिवा नसेल तर काहीच दिसायचं नाही. रंग हवा असेल तर दिवा हवा, दिवा हवा तर सेल गेले. गेम बॉयचा पडदा मात्र बाहेरचाच उजेड परत फेकायचा, त्याला सूर्य नाहीतर खोलीतला बल्ब फुकट मिळत होता.

म्हणजे 'ताकद हरली' हे विधान इथेच सैल पडतं. १९८९ मध्ये ग्राफिक्सची ताकद सोयीच्या आड आली ती मुख्यतः उजेडाच्या रूपाने. नियम म्हणून मांडायचं तर 'त्या वर्षी उपलब्ध असलेल्या दिव्याला त्या वर्षीचे सेल पुरत नव्हते' इतकंच आपण खात्रीने म्हणू शकतो. आणि हे वाक्य कालसापेक्ष आहे. दिवा बदलला किंवा सेल बदलला की ते लागू होईलच असं नाही.

पण बॅटरीमुळेच जिंकला का?

आता कन्फाउंडिंगकडे येऊ. गेम बॉय आणि गेम गिअर यांच्यात फक्त बॅटरीचा फरक असता तर प्रश्न सुटला असता. पण फरक किती होते बघा.

किंमत: गेम बॉय गेम गिअरपेक्षा बराच स्वस्त होता. खेळ: अमेरिकेत गेम बॉयसोबत 'टेट्रिस' दिला गेला. मॉस्कोच्या अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी बनवलेला हा खेळ हातातल्या यंत्रासाठीचे हक्क मिळवून निन्टेंडोपर्यंत पोहोचवला हेन्क रॉजर्स यांनी. टेट्रिसला रंगाची गरज नाही, एक डाव पाच मिनिटांत संपतो, आणि तो लहान मुलांइतकाच मोठ्यांनाही लागतो. साखळी: यंत्र जास्त विकलं म्हणून खेळ बनवणारे तिकडे गेले, खेळ जास्त म्हणून यंत्र आणखी विकलं. नशिबाचा भाग: फेब्रुवारी १९९६ मध्ये, गेम बॉय जवळपास सात वर्षांचा म्हातारा झाल्यावर, जपानमध्ये 'पोकेमॉन' आला. दोन यंत्रं वायरने जोडून आपापले प्राणी अदलाबदल करण्याचा खेळ. त्या वायरमुळे तुमच्या मित्राकडे जे यंत्र आहे तेच तुम्हालाही हवं, असा नवा हिशोब सुरू झाला.

यातलं मुख्य कारण कोणतं? एकाच निकालावरून पाच कारणं वेगळी करता येत नाहीत. हे गणित आहे, पाच अज्ञातं आणि एकच समीकरण.

आपल्याकडचा अनुभव इथे थोडासा जोडता येतो. गेम बॉय आपल्या मुलांच्या हातात क्वचितच दिसला. दिसला तो जत्रेत आणि स्टेशनबाहेरच्या दुकानांत मिळणारा 'ब्रिक गेम', ज्यात टेट्रिसची नक्कल असायची. एकरंगी पडदा, पेन्सिल सेल, आणि पिक्सेल म्हणजे अक्षरशः मोजता येतील असे चौकोन. तिथे गेम गिअरशी स्पर्धाच नव्हती, तरी ते खेळणं भरपूर विकलं गेलं. टेट्रिससारख्या खेळाला ग्राफिक्स लागत नाहीत एवढं यातून दिसतं. ग्राफिक्सवालं यंत्र शेजारी ठेवलं असतं तर मुलांनी काय निवडलं असतं, ते मात्र यातून कळत नाही. ज्या तुलनेत दुसरी बाजूच नाही ती तुलना नव्हे.

आणखी एक पुरावा नेहमी पुढे केला जातो. आखाती युद्धात बॉम्बस्फोटात होरपळलेला एक गेम बॉय अनेक वर्षं न्यूयॉर्कमधल्या निन्टेंडोच्या दुकानात काचेत ठेवलेला होता, आणि तो चालू होता. गोष्ट खरी आहे. पण संशोधक म्हणून बघा: नमुन्यांची संख्या एक. जे गेम बॉय स्फोटात बंद पडले ते कुणी काचेत ठेवणार नाही. वाचलेलेच मोजायचे आणि निष्कर्ष काढायचा, यालाच सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात.

हरलेल्यांकडे बघा

विधान तपासण्याची चांगली जागा म्हणजे त्याच गुणांची, पण हरलेली उदाहरणं. गंमत म्हणजे ती खुद्द योकोई यांच्याकडेच सापडतात.

१९९५ मध्ये त्यांनी 'व्हर्च्युअल बॉय' आणला. लाल एलईडीची साधी, मुरलेली प्रणाली, फक्त लाल आणि काळा रंग. तत्त्व तेच. यंत्र वर्षभरात बंद झालं. १९९६ मध्ये ते निन्टेंडोतून बाहेर पडले, स्वतःची कोतो ही कंपनी काढली आणि बांदाईसाठी 'वंडरस्वान' या यंत्राच्या घडणीत हात घातला. ऑक्टोबर १९९७ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात त्यांचं निधन झालं. वंडरस्वान मार्च १९९९ मध्ये बाजारात आला. एकच पेन्सिल सेल, त्यावर तीस तासांच्या आसपास खेळ, आणि किंमत ४८०० येन. बॅटरीचे तास हीच 'सोय' असेल तर हे यंत्र गेम बॉयपेक्षा सरस. पण ते जपानबाहेर गेलंच नाही आणि २००३ पर्यंत त्याचा कारभार आटोपला. एव्हाना निन्टेंडोकडे पोकेमॉन होता, आणि २००१ पासून ३२ बिटचा गेम बॉय अ‍ॅडव्हान्सही.

म्हणजे स्वस्त आणि जास्त टिकणारं यंत्रही हरतं. तर्कशास्त्राच्या भाषेत, सोय ही 'पुरेशी' अट नाही.

आता उलट प्रश्न: लोकांना उजेड नको होता का? गेम बॉय अ‍ॅडव्हान्सलाही दिवा नव्हता, आणि 'काही दिसत नाही' ही तक्रार सगळीकडे होती. २००३ मध्ये त्याची घडीची आवृत्ती आली, गेम बॉय अ‍ॅडव्हान्स एसपी. त्यात चार्ज होणारी लिथियम-आयन बॅटरी आणि पडद्यावर समोरून पडणारा उजेड, जो बंद करता येत होता. कंपनीने दिलेले आकडे: दिवा लावून सुमारे १० तास, बंद करून सुमारे १८ तास. बॅटरी ६०० मिलीअँपिअर-तास, ३.७ व्होल्ट, म्हणजे २.२ वॅट-तास. भागाकार करा: दिव्यासह ०.२२ वॅट, दिव्याविना ०.१२ वॅट. दिव्याचा खर्च फक्त ०.१ वॅट! गेम गिअरला जो उजेड वॅटांत मोजावा लागत होता तो तेरा वर्षांनी एका वॅटच्या दहाव्या भागात मिळाला. १९८९ ची अडचण संपली होती. आणि अडचण संपताच निन्टेंडोनेही दिवा लावला.

दुसरी लढाई: डीएस आणि पीएसपी

२००४ च्या शेवटी दोन यंत्रं काही आठवड्यांच्या अंतराने आली. निन्टेंडो डीएस: २५६ × १९२ चे दोन छोटे पडदे, त्यातला एक स्पर्श ओळखणारा, ६७ मेगाहर्ट्झचा मुख्य प्रोसेसर, ४ मेगाबाइट मेमरी, अमेरिकेत १५० डॉलर. सोनीचा पीएसपी: ४८० × २७२ चा ४.३ इंची पडदा, ३३३ मेगाहर्ट्झपर्यंत जाणारा प्रोसेसर, ३२ मेगाबाइट मेमरी, अमेरिकेत २५० डॉलर. डीएस १५ कोटी ४० लाख विकला गेला, पीएसपी सुमारे ८ कोटी.

पुन्हा तेच विधान खरं? इथे दोन गोष्टी नोंदवा.

पहिली, ८ कोटी ही हार आहे का? गेम बॉय अ‍ॅडव्हान्सही ८ कोटी १५ लाखच विकला गेला होता आणि त्याला सगळे यशस्वी म्हणतात. 'जिंकला-हरला' हे दोन खणांचं वर्गीकरण आहे, आणि अखंड मोजमाप दोन खणांत कोंबलं की माहिती गळते. जपानमध्ये तर 'मॉन्स्टर हंटर' या मालिकेने पीएसपीला मोठा आधार दिला. चार मित्र एकत्र बसून बिनवायरीने एकाच राक्षसाची शिकार करत. त्या खेळाला पीएसपीची ताकदही लागत होती आणि हातात घेऊन फिरण्याची सोयही. म्हणजे दोन्ही गुण एकमेकांच्या विरोधात असायलाच हवेत असं नाही.

दुसरी गोष्ट आम्हा विज्ञानवाल्यांना जास्त आवडेल अशी. पीएसपीचा प्रोसेसर ३३३ मेगाहर्ट्झचा असला तरी सुरुवातीची अडीचेक वर्षं सोनीने खेळ बनवणाऱ्यांना २२२ मेगाहर्ट्झच वापरू दिले. २००७ मधल्या सॉफ्टवेअर बदलानंतर पूर्ण वेग खुला झाला. पुस्तकात लिहिलेली ताकद आणि हातातली ताकद यांत फरक होता, आणि मधे उभी होती बॅटरी. तुम्ही कोणत्याही यंत्राचं स्पेसिफिकेशन सिनॉप्सिसमध्ये उतरवता तेव्हा हे लक्षात ठेवा. स्पेसिफिकेशनमधला आकडा ही कमाल मर्यादा असते, प्रत्यक्ष चालण्याची नोंद वेगळी शोधावी लागते.

२०११ ची लढाईही अशीच. निन्टेंडोचा थ्रीडीएस २५० डॉलरला आला, विक्री मंदावली आणि काही महिन्यांतच किंमत १७० डॉलरवर आणावी लागली. शेवटी तो सुमारे ७ कोटी ६० लाखांवर गेला. सोनीचा व्हिटा डिसेंबर २०११ मध्ये आला: ५ इंची ओलेड पडदा, चार कोरचा प्रोसेसर. तो फार मागे पडला. पण 'ताकद हरली' म्हणण्याआधी बघा, व्हिटाला खास सोनीचीच महागडी मेमरी कार्डं लागायची, मॉन्स्टर हंटर तोवर थ्रीडीएसकडे गेला होता, आणि सगळ्यांच्या खिशात स्मार्टफोन आला होता. डीएसच्या मानाने थ्रीडीएसची विक्रीही निम्म्यावर आली, ती काही त्याच्या ताकदीमुळे नाही. दोन्ही बोटी एकाच ओहोटीत होत्या.

स्विच: जवळजवळ नियंत्रित प्रयोग

इतिहासात प्रयोग करता येत नाहीत असं म्हणतात. पण अधूनमधून इतिहासच एखादा प्रयोग करून ठेवतो.

३ मार्च २०१७ रोजी निन्टेंडो स्विच आला. टीव्हीला जोडलेल्या डॉकमध्ये ठेवला की घरचं यंत्र, उचलला की हातातलं. घरचं यंत्र हातात आणण्याची कल्पना नवी नव्हती. १९९० चा टर्बोएक्सप्रेस आणि १९९५ चा सेगा नोमॅड यांनी तेच केलं होतं, घरच्या यंत्राचेच खेळ, सहा पेन्सिल सेल, तीनेक तासांत खेळ खलास. कल्पना तीच होती, मधल्या काळात बॅटरी, दिवा आणि चिप बदलली होती.

स्विचमध्ये ताकद आणि सोय यांचा सौदा उघड्या डोळ्यांनी दिसतो. ग्राफिक्सच्या चिपचा वेग डॉकमध्ये ७६८ मेगाहर्ट्झ, आणि हातात असताना सुरुवातीला ३०७ किंवा ३८४. 'झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड' हा खेळ डॉकमध्ये १६०० × ९०० पर्यंत आणि हातात १२८० × ७२० वर चालतो. पडदा लहान, डोळ्याला फरक कमी जाणवतो, मग वीज का जाळायची?

वेग कमी केल्याने एवढी वीज का वाचते? चिपमधला मुख्य खर्च वेग आणि व्होल्टेजचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. वेग उतरवला की व्होल्टेजही उतरवता येतं. दोन्ही २० टक्क्यांनी कमी केले तर खर्च ०.८ × ०.८ × ०.८, म्हणजे ०.५१. वेगात पाचवा हिस्सा सोडला आणि वीज निम्म्यावर आली. शेवटचा थोडा वेग सगळ्यात महाग पडतो तो यामुळेच.

आता तो प्रयोग. २०१९ मध्ये निन्टेंडोने स्विचची सुधारित आवृत्ती काढली. बॅटरी तीच, ४३१० मिलीअँपिअर-तास, सुमारे १६ वॅट-तास. खेळ तेच, दिसणं तेच. बदललं ते मुख्यतः चिप बनवण्याचं तंत्र, २० नॅनोमीटरवरून १६ नॅनोमीटर. झेल्डा खेळताना बॅटरी आधी सुमारे ३ तास टिकायची, आता सुमारे साडेपाच तास. १६ भागिले ३ म्हणजे ५.३ वॅट, १६ भागिले ५.५ म्हणजे २.९ वॅट. ग्राफिक्स इंचभरही न सोडता सोय वाढली. मेमरीचा प्रकारही बदलला होता, त्यामुळे हा प्रयोग अगदी शुद्ध नाही, पण इतिहासात याहून स्वच्छ तुलना क्वचित मिळते. ताकद आणि सोय यांच्यातली देवाणघेवाण खरी आहे, पण तिचा दर तंत्रज्ञान ठरवतं आणि तो दर बदलत राहतो.

आपली व्याख्या टिकली का?

सुरुवातीला आपण सोय म्हणजे बॅटरीचे तास धरले होते. आता शेजारी शेजारी ठेवा. गेम गिअर: ३ ते ५ तास, आणि बॅटरीखाऊ म्हणून आजही त्याची थट्टा होते. पहिला स्विच: कंपनीच्याच आकड्यांनुसार अडीच ते साडेसहा तास, आणि स्विचची एकूण विक्री १५ कोटींच्या वर. २०२२ चा स्टीम डेक: ४० वॅट-तासांची बॅटरी, २ ते ८ तास, वजन ६६९ ग्रॅम, तरी चाहते भरपूर. २०२५ चा स्विच २: २ ते साडेसहा तास.

तास तेवढेच, निकाल उलटा. म्हणजे 'बॅटरीचे तास' हा व्हेरिएबलच आपण तपासून घ्यायला हवा. गेम गिअरचे चार तास संपले की सहा नवे पेन्सिल सेल विकत आणावे लागत, दरवेळी पैसे जात आणि ते पैसे बहुधा आईवडिलांच्या खिशातून. स्विचचे तीन तास संपले की मोबाइलसारखाच चार्जर लावायचा. शिवाय खेळ मधेच झोपवून ठेवता येतो, उठवला की तिथूनच सुरू. मग मला जास्त बरोबर वाटणारा व्हेरिएबल असा: पुन्हा भरण्याचा खर्च आणि कटकट. तासांचा आकडा या मोठ्या गोष्टीचा एक भाग होता, आणि १९८९ मध्ये दोन्ही एकत्र चालत असल्यामुळे ते वेगळे दिसत नव्हते.

हेही शेवटचं उत्तर नाही. वंडरस्वान या नव्या व्याख्येनेही सोयीचाच ठरतो आणि तरी हरतो. म्हणजे खेळांची उपलब्धता आणि मित्रांकडे काय आहे हे दोन घटक वेगळे मोजावे लागतील.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

पेट किंवा नेट झाल्यावर गाईडसमोर पहिला मसुदा ठेवाल, तेव्हा त्यातलं एखादं आवडतं वाक्य निवडा, 'अमुकमुळे तमुक होतं' अशा साच्यातलं. आणि त्याला पुढचे प्रश्न विचारा.

१. यातले दोन्ही शब्द मोजता येतील असे लिहिलेत का? 'ताकद'सारख्या शब्दाच्या पोटात रंग, उजेड आणि वेग असे तीन वेगळे धागे तर नाहीत ना?

२. तोच गुण असून हरलेलं एक तरी उदाहरण शोधलंत का? म्हणजे तुमचा वंडरस्वान कोणता?

३. निकाल बदलताना आणखी काय काय बदललं होतं? किंमत, टेट्रिस, स्मार्टफोन यांसारखे घटक तुमच्या विषयात कोणते?

४. बाकी सगळं जवळपास सारखं राहून एकच गोष्ट बदलली, अशी जागा कुठे आहे? तुमचं २०१७ आणि २०१९ शोधा. ती सापडली तर प्रबंधाचं एक प्रकरण तिथेच उभं राहतं.

५. हे वाक्य कोणत्या काळापुरतं खरं आहे? गेम गिअरचं कारण दिव्याशी बांधलेलं होतं, दिवा बदलला आणि कारण गेलं.

हाच हिशोब उपकरण निवडतानाही लागतो. विद्यापीठाच्या केंद्रीय सुविधेतलं मोठं उपकरण अचूक असतं, पण नंबर लागायला दिवस जातात आणि नमुना तिथे नेईपर्यंत बदलतो. हातात नेता येणारं उपकरण कमी बारकाईने मोजतं, पण नदीच्या काठावर किंवा शेतात उभं राहून दिवसाला पन्नास वाचनं देतं. यातलं चांगलं कोणतं, असं विचारू नका. तुमच्या प्रश्नाला किती बारीक उत्तर लागतं ते आधी कागदावर लिहा आणि मग उपकरणांची यादी उघडा. टेट्रिसला चार छटा पुरल्या, झेल्डाला पुरल्या नसत्या.